चार हात जमीन

परवा आमच्या महिला मंडळाची बैठक होती. लालबागला, आमच्याच घरी, दुपारी तीनला. विषय एकच, श्रावणातली शिखरजीची यात्रा. श्रावण शुद्ध सप्तमीला पार्श्वनाथ भगवंतांचं मोक्षकल्याणक. त्या दिवशी सुवर्णभद्र कूटावर निर्वाण लाडू चढवायचा, ही कितीतरी जणींची वर्षानुवर्षांची इच्छा. सत्तर नावं आली होती. रेल्वेचं आरक्षण कुणी करायचं, मधुबनला धर्मशाळा कुठली घ्यायची, स्वयंपाकी सोबत न्यायचा की तिथल्या भोजनशाळेत जेवायचं, सगळं ठरत आलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, एवढ्या लांब जातोच आहोत तर येताना दोन दिवस पचमढीला थांबू, बायकांचं जरा फिरणं होईल. त्यावर शेजारच्या काकूंची नवी सून चहाचा ट्रे ठेवता ठेवता सहज बोलून गेली, "काकू, म्हणजे आपण यात्रेला चाललोय की टूरला?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मी मंडळाची चिटणीस, वहीत नावं लिहीत होते, आणि माझा पेन काही पुढे सरकेना.

कारण जानेवारी २०२३ मध्ये याच बायका, याच लालबागहून, हातात फलक घेऊन निघाल्या होत्या. पायांत चपला नव्हत्या, थंडी होती, आणि फलकावर लिहिलं होतं की शिखरजी आमचं तीर्थ आहे, ते पर्यटनस्थळ होऊ देणार नाही. माझ्याही हातात फलक होता. यात्रा आणि टूर यांत फरक आहे, हे तेव्हा आपण साऱ्या देशाला ठणकावून सांगितलं. आता एका पोरीने तोच प्रश्न आपल्याला विचारला तर हसून सोडून द्यायचं?

त्या आंदोलनाची हकिकत आपल्या घराघरांत माहीत आहे, तरी लेकीसुनांसाठी थोडक्यात सांगते. झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यात पारसनाथचा डोंगर आहे, सुमारे १,३६५ मीटर उंच. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तिथून मोक्षाला गेले, असं आपण मानतो. हा डोंगर अभयारण्यातही येतो. २ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याच्या भोवतीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि तिच्यात पर्यावरणपूरक पर्यटनाची तरतूद होती. बातमी पसरायला तीन वर्षं लागली. २०२२ च्या डिसेंबरात गावोगाव मोर्चे निघाले. जयपूरला एका मुनींनी उपोषणात देह ठेवला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने त्या अधिसूचनेच्या कलम ३ ला स्थगिती दिली आणि डोंगरावर दारू, मांस, मोठ्या आवाजातलं संगीत यांना असलेली बंदी कडकपणे पाळा, असं राज्याला बजावलं. आम्ही मंदिरात जाऊन आरती केली, पेढे वाटले.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आणखी एका डोंगराची बातमी होती. उत्तराखंडमधल्या जोशीमठला शेकडो घरांना तडे गेले होते. बाया आपल्याच उंबऱ्यावर बसून रडत होत्या. ते गाव जुन्या दरडीच्या मातीवर वसलेलं. तिथे भारी बांधकाम करू नका, असं १९७६ सालीच सरकारी समितीने सांगून ठेवलं होतं. तरी बद्रिनाथच्या वाटेवरचं गाव म्हणून हॉटेलं वाढली, सांडपाणी जमिनीत मुरत राहिलं, डोंगर पोखरला गेला. मी ती बातमी वाचली, हळहळले आणि पान उलटलं. मनात आलं, ते पर्यटनाचं पाप. आपलं तसं नाही, आपली यात्रा. पण बद्रिनाथला जाणारे तरी कोण होते? तेही यात्रेकरूच होते की!

हे माझ्या लक्षात यायला मुक्तागिरीला जावं लागलं.

मुक्तागिरी आपल्याला जवळ. बुऱ्हाणपूरहून खकनार, देडतलाई, धारणी करत मेळघाटच्या जंगलातून परतवाड्याला उतरायचं, की पुढे थोड्या अंतरावर सातपुड्याच्या कुशीत बावन्न जिनालयं आणि मधोमध धबधबा. गाव बैतूल जिल्ह्यातलं, पण वाट विदर्भातून जाते. माझं माहेर कारंजा लाड, त्यामुळे लहानपणापासून तिथल्या पायऱ्या ओळखीच्या. ध्यानस्थ मुनींसमोर वरून मेंढा कोसळला, मरताना मुनींनी त्याच्या कानात णमोकार सांगितला आणि तो देव झाला, ही कथा आजी दर वेळी त्याच पायरीवर बसून सांगायची. म्हणून त्या डोंगराला मेंढागिरीही म्हणतात.

त्या वर्षी पावसाळ्यात आम्ही गेलो तेव्हा धबधब्याशी कॉलेजची पोरं-पोरी आली होती. गाणी लावलेली, फोटो चाललेले, कुरकुऱ्यांची पाकिटं पडलेली. माझ्यातली फलकवाली जागी झाली. मी जाऊन म्हटलं, "हे तीर्थ आहे बाळांनो, पिकनिक स्पॉट नाही." पोरांनी गाणं बंद केलं. एक मुलगी मात्र उठून उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "काकू, मघाशी खाली तुमच्या बसवर भोंगा लावून भजनं चालली होती. आम्ही त्याच आवाजात वर आलो. आणि ते द्रोण बघा."

मी पाहिलं. पायरीच्या कडेला आमच्याच नाश्त्याचे द्रोण पडले होते. पोहे आम्ही वाटले होते, त्यावरची शेव मला ओळखू आली. चांदीचा वर्ख दिल्यासारखे चमकणारे ते द्रोण स्वस्त पडतात म्हणून मीच निवडले होते. दुकानदाराने पानाचे दाखवले होते, ते शेकड्याला थोडे महाग होते.

मी काही बोलू शकले नाही. द्रोण गोळा केले, पोरांची पाकिटंही उचलली, तीही आली मदतीला. पण त्या रात्री प्रतिक्रमणात आलोचना पाठ म्हणताना घसा दाटून आला. रोज आपण किती सहज म्हणतो, एकेंद्रिय जीवांची विराधना झाली असेल तर क्षमा असो. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती, सगळ्यांची नावं घेतो. आपल्या धर्माने तर मातीच्या ढेकळालाही जीव दिला. ज्यांना दगडात जीव दिसत नाही त्यांनी डोंगर फोडला तर एक वेळ समजू शकतं. आपण तो पृथ्वीकायिक जीवांचा मानतो आणि त्याच्यावर द्रोण टाकतो, मग आपल्या मानण्याचा अर्थ काय?

मुलीला म्हटलं, ती पारसनाथची अधिसूचना मला मोबाइलवर काढून दे. जिच्याविरुद्ध मी चालले, ती मी कधी वाचलीच नव्हती. खरं सांगते, आमच्यातल्या एकीनेही वाचली नव्हती. अशा अधिसूचनांचा एक ठरलेला नमुना असतो. त्यातलं कलम ३ म्हणजे राज्य सरकारने काय काय करायचं त्याची यादी. त्यात पर्यटन आहे, ते आपल्याला खटकलं आणि खटकायलाच हवं होतं. पण त्याच कलमात नैसर्गिक झरे राखणं आहे, घनकचरा आहे, प्लास्टिक आहे, सांडपाणी आहे, वाहनांची वर्दळ आहे. आणि पर्यटनाचा आराखडा करायचा तर त्या जागेची धारणक्षमता आधी अभ्यासली पाहिजे, असंही त्यातच लिहिलेलं असतं. धारणक्षमता म्हणजे डोंगर किती माणसं, किती गाड्या, किती घाण सोसू शकतो त्याचं माप.

म्हणजे स्थगिती मिळाली ती पर्यटनाला, आणि त्याबरोबर या मापालाही. आपण पेढे वाटले ते दोन्हीसाठी.

आंदोलन चुकलं असं मी म्हणत नाही. शिखरजीवर दारूचे गुत्ते आणि रिसॉर्ट नकोच, हे मी आजही म्हणेन आणि वेळ आली तर पुन्हा अनवाणी चालेन. पण पर्यटकांना बंदी केली की डोंगर वाचला, असं मी मनाशी धरलं होतं, ते चुकलं. पर्यटकाच्या पावलाखाली डोंगर झिजतो आणि श्राविकेच्या पावलाखाली झिजत नाही, असा काही निसर्गाचा नियम नाही. माझ्या भक्तीने माझ्या मैल्याचं पाणी शुद्ध होत नाही. मधुबनच्या धर्मशाळेत सत्तर बायका सकाळी तीन वाजता उठून सोळ्याची आंघोळ करतात ते पाणी त्याच डोंगराच्या पोटातून येतं आणि त्याच्याच पायथ्याशी वाहतं.

मग यात्रेकरू आणि पर्यटक यांत फरक काय? मी पुष्कळ विचार केला. वेश म्हणावा तर तो वर वर चढवलेला. भाव म्हणावा, तर भाव आपल्या पोटात, डोंगराला कसा कळणार? मला सापडलेला फरक एकच. यात्रेकरू घरून निघतानाच काही मर्यादा सोबत घेऊन निघतो. आज एकाशन, रात्री पाणी नाही, मौन, ब्रह्मचर्य, अमुक वस्तूंचा त्याग. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे, अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही. भोगोपभोगाचं परिमाण आहे. अनर्थदंडविरती आहे, म्हणजे कारणाशिवाय माती खणू नये, पाणी सांडू नये, पान तोडू नये. आजच्या भाषेत ज्याला शाश्वत पर्यटन म्हणतात त्याची निम्मी नियमावली आपल्या आज्या तोंडपाठ म्हणत होत्या. मर्यादा गळली की यात्रेची टूर होते, मग तोंडात भजन असो की सिनेमाचं गाणं.

आणि या मर्यादा नुसत्या ज्याच्या त्याच्या मनावर सोडलेल्या नव्हत्या, हे विशेष. शत्रुंजय पाहा. पालिताण्याच्या त्या डोंगरावर आठशेहून जास्त मंदिरं, साडेतीन हजारांवर पायऱ्या. पण वर कुणी काही खात नाही. दिवस मावळायच्या आत सगळे खाली, पुजारीसुद्धा. रात्री तो डोंगर देवांचा आणि पाखरांचा. आणि चातुर्मासात यात्राच बंद. पावसाळ्यात जीवांची उत्पत्ती फार, गवत उगवतं, किडेमुंग्या वाटेवर येतात, म्हणून चार महिने कुणी चढायचं नाही. आमच्या श्वेतांबर भगिनी हे मुकाट्याने पाळतात. कुठल्या तज्ज्ञाने अहवाल दिला नव्हता. पण वर्षातले चार महिने आणि दिवसातले बारा तास डोंगराला विसावा, याहून चांगला आराखडा आजचा पर्यटन विभाग तरी काय करणार? कैलासाचंही तसंच. तो आपल्याला अष्टापद म्हणून पूज्य, हिंदूंना, बौद्धांना, तिबेटच्या बोन धर्मीयांनाही पूज्य. लोक त्याला प्रदक्षिणा घालतात, शिखरावर पाय ठेवत नाहीत.

यावर आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "मग ज्याने त्याने आपलं व्रत पाळावं. सरकारची गरज काय? समित्या कशाला, पास कशाला?"

प्रश्न खरा आहे. व्रत हे आतून येतं, नियम बाहेरून लादला जातो. लादलेल्या नियमाने कर्मनिर्जरा होत नाही, हेही खरं. पण मला ईर्यासमिती आठवते. मुनिमहाराज चालतात ते पुढची चार हात जमीन पाहून. आपण श्राविका तेवढं पाळू शकत नाही, तरी तीर्थावर तरी पाळावं असं आजी शिकवायची. "खाली बघून चाल गं, कुणाच्या घरावर पाय देशील." मुंगीच्या वारुळाला ती घर म्हणायची. आता सांगा, सप्तमीच्या पहाटे हजारो माणसं त्या वाटेवर असतात. पुढच्या बाईचा पदर माझ्या नाकाला लागतो, मागची ढकलते, डोलीवाले ओरडत येतात, बाजूला व्हावं लागतं. तिथे मी चार हात जमीन कशी पाहू? चार बोटं दिसत नाही. मी कितीही चांगली असले तरी त्या गर्दीत मी जपून चालूच शकत नाही. प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून, प्राणहानी झाली की ती हिंसा, असं आपलं शास्त्र सांगतं. आणि गर्दी माणसाला बेसावधच करते. एकेकटी निर्दोष असलेली माणसं एकाच दिवशी एकाच वाटेवर आली की दोष तयार होतो, आणि तो कुणा एकाच्या व्रताने फिटत नाही.

म्हणून धारणक्षमतेची माझी व्याख्या मी केली आहे. शास्त्रज्ञ पाणी मोजोत, कचरा मोजोत, उताराची माती मोजोत, ते हवंच. माझ्यापुरतं माप असं, की प्रत्येक यात्रेकरूला आपल्यापुढची चार हात जमीन दिसेल इतकेच जण एका वेळी डोंगरावर असावेत. हे माप मंडळाची बैठक ठरवू शकत नाही. आम्ही सत्तरच्या तीस झालो तरी बाकी गावांचे हजार येणारच. ते सगळ्यांनी मिळून, सगळ्यांसाठीच ठरवावं लागतं. त्यालाच धोरण म्हणतात. ज्या गोष्टी एकेकट्याने पाळून भागत नाहीत त्यांचं सामूहिक व्रत, असं मी त्याच्याकडे पाहते.

आणि हे होऊ शकतं. माथेरानला मोटार दस्तुरीलाच थांबते. २००३ साली तो डोंगर संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि आजही वर मोटारीने जाता येत नाही, म्हणून तिथली लाल मातीची वाट आणि झाडी अजून टिकून आहे. उटी आणि कोडाईकॅनलला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून ई-पास लागतो. एप्रिल २०२५ पासून मोसमात उटीला रोज सहा हजार, शनिवार-रविवारी आठ हजार गाड्या, त्यापुढे नाही. सुट्टीसाठी येणारे लोक ही मर्यादा पाळतात. मग मोक्षासाठी येणाऱ्यांनी का पाळू नये?

पण इथे एक खाच आहे, ती मला सोडून जायची नाही. मर्यादा घालायची म्हणजे कुणाला तरी थांबवायचं. कुणाला? महागडं तिकीट लावलं की गरीब आपोआप थांबतो. मग डोंगर वाचेल, पण तो श्रीमंतांचा होईल. आपल्यात बोलीने चढावे घेण्याची सवय आहेच, पहिला अभिषेक ज्याच्याकडे पैसा त्याचा. डोंगरावर पाऊल ठेवण्याचीही बोली लागली तर? खेड्यातली विधवा, जिने दहा वर्षं शिवणकामाचे पैसे साठवून एकदा शिखरजी पाहायचं ठरवलं, तिला कोण सांगणार की बाई, कोटा संपला? म्हणून माझं म्हणणं, मर्यादा पैशाने नको, पाळीने घालावी. जी कधीच गेली नाही तिचा नंबर पहिला. जी पाच वेळा गेली तिने थांबावं. मी स्वतः तीन वेळा गेले आहे. हे वाक्य लिहिताना मला काय वाटतंय ते माझं मलाच माहीत.

आणखी एक गोष्ट, जी मी कधी कुणाशी बोलले नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सासूबाई सोबत होत्या. सत्तरी पार, गुडघे गेलेले. शिखरजीची वंदना म्हणजे नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची फेरी, नऊ किलोमीटर उतार. डोली करावी लागली. डोलीचा दर वजनावर असतो. सासूबाईंना काट्यावर उभं केलं, आकडा पाहून त्या लाजल्या, म्हणाल्या, "बघ, रात्रीचं खात नाही तरी एवढी." डोलीवाले हसले. मग त्यांनी खांद्यावर फडकं टाकलं आणि उचललं. वाटेत एका वळणावर थांबले तेव्हा मी एकाचा खांदा पाहिला. बांबूच्या जागी कातडी काळी, जाड, घट्टा पडलेली. मी माझ्याजवळचं पाणी दिलं. त्याने ओंजळीने घेतलं, भांड्याला तोंड लावलं नाही. माझ्या सोवळ्याची त्याला माझ्यापेक्षा जास्त काळजी.

तो त्याच डोंगराचा माणूस होता. संथाळ लोक त्या डोंगराला मरांग बुरू म्हणतात, म्हणजे मोठा डोंगर, आणि देव मानतात. आमचं आंदोलन जिंकल्यावर जानेवारी २०२३ मध्येच आदिवासी बांधवही पारसनाथला जमले. हा डोंगर आमचाही आहे, आमच्या पूजेचं काय, असं विचारत. केंद्राने देखरेख समितीवर जैन समाजाचे दोन आणि स्थानिक आदिवासी समाजाचा एक सदस्य घ्यावा असं सुचवलं होतं. दोन आणि एक. आम्ही वर्षातून एकदा जाणार, परत येणार. तो तिथेच राहणार, आमचं ओझं वाहणार, आमचा कचरा त्याच्या शेताशी जाणार, आणि समितीत आमचे दोन, त्यांचा एक. ज्याच्या खांद्यावर बसून आम्ही मोक्षाच्या वाटेला लागलो त्याला एक जागा! मी मोर्चात होते तेव्हा हा हिशोब माझ्या मनात आलाच नाही.

डोली बंद करावी का? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षांबद्दल सांगितलं, माणसाने माणसाला ओढणं हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, सहा महिन्यांत थांबवा आणि त्या लोकांना ई-रिक्षा द्या. वाचून बरं वाटलं. पण शिखरजीवर काय द्यायचं? रोप-वे बांधला तर, गिरनारला २०२० पासून झाला तसा, सासूबाईंसारख्यांचं सोपं होईल. पण चढणाऱ्यांची संख्या किती पटींनी वाढेल, आणि डोलीवाला खाऊन काय जगेल? डोली तशीच ठेवली तर त्याचा खांदा. माझ्याजवळ याचं सोपं उत्तर नाही. एवढंच कळतं, की हे उत्तर त्याला विचारल्याशिवाय आपण ठरवू नये. आणि ज्याला दुसऱ्याच्या खांद्याशिवाय चढता येत नाही त्याने पायथ्याशी बसून भाववंदना केली तर ती कमी प्रतीची, असं मानणंही सोडावं. सासूबाई दुसऱ्या वेळी आल्याच नाहीत. म्हणाल्या, "मधुबनलासुद्धा नको. मी इथूनच हात जोडते." आम्हाला वाटलं थकल्या. आता वाटतं, त्यांनीही तो खांदा पाहिला असावा.

सासूबाईंवरून आमच्या कुंडी भंडाऱ्याची गोष्ट सांगते. आम्ही लालबागकर रोज डोंगराचं पाणी पीत आलो. पिढ्यान्‌पिढ्या. १६१५ च्या सुमारास, खानखानांच्या सुभेदारीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ताडलं की सातपुड्यावर पडलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून ताप्तीकडे सरकतं. त्याने सुमारे ऐंशी फूट खोल भुयार खणून ते वाटेत धरलं, शंभराहून जास्त कुंड्यांची रांग केली आणि नुसत्या उताराने शहरात आणलं. ना मोट, ना पंप. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव आलं, तेव्हापासून पाहुणे विचारतात, "लालबागला काय बघण्यासारखं?" आणि आपण अभिमानाने तिकडे नेतो. नेऊ या, पण हेही सांगू या की हे पाणी डोंगरावर झाडं आहेत तोवरच मुरेल. वर झाड तुटलं, माती वाहून गेली, की खाली आपली कुंडी कोरडी.

सासूबाई त्या कुंडीचं पाणी दुहेरी फडक्याने गाळायच्या आणि फडक्यावर राहिलेली जिवाणी पुन्हा त्याच पाण्यात, बादली खाली सोडून, हळूच मिसळायच्या. मी नवी होते, कंटाळायचे. एकदा म्हटलं, मोरीत टाकलं तर काय होतं? त्या म्हणाल्या, "जिथलं आणलं तिथलं तिथे पोचवावं. त्यांचं घर आहे ते." माझी आजी वारुळाला घर म्हणायची, सासूबाई पाण्याला.

तर बैठकीचं काय झालं ते सांगून संपवते. चहा झाल्यावर मी वही मिटली आणि हे सगळं, इतकं नीट नाही पण अडखळत, बोलले. म्हटलं, सप्तमीला जाऊ नये. पावसाळ्यात जाऊच नये. सप्तमीचा लाडू आपल्याच मंदिरात चढवू आणि यात्रा थंडीत करू, ती सुट्ट्या आणि पर्व टाळून. सत्तर नको, तीस. ज्या कधीच गेल्या नाहीत त्या आधी. द्रोण पानाचे, बाटल्या नाहीत, घरचा तांब्या. भोंगा नाही. आपला कचरा आपण रेल्वेने परत बुऱ्हाणपूरला आणायचा. आणि डोलीवाल्यांशी दराची घासाघीस करायची नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक काकू उठल्या. त्यांचं वय शहात्तर, एकदाही गेलेल्या नाहीत, आणि यंदाच्या सप्तमीचा त्यांचा नियम होता. त्यांनी मला विचारलं, "थंडीपर्यंत मी राहिले नाही तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "काकू, तुमचा नंबर पहिला. तुम्ही सांगाल तेव्हा." त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी अठ्ठावीस जणींनी थंडीतल्या यात्रेला नाव दिलं, बाकीच्या सप्तमीलाच जाणार आहेत, वेगळ्या. दोघी माझ्याशी बोलत नाहीत. पचमढी रद्द झाली. शेजारच्या सुनेने अठ्ठाविसांत आपलं नाव लिहिलं. माझं नाव यादीत नाही. मी तीन वेळा जाऊन आले आहे.

काकू परवा मंदिरात भेटल्या. पायऱ्या उतरताना खाली बघून, एकेक पाऊल जपून टाकत होत्या. मी हात दिला तर म्हणाल्या, "थांब गं, मुंग्या आहेत."